उकळूनही उरले ते : जॉन टिंडल

ज्या गोष्टींवर आपला गाढ विश्वास असतो, त्यांची परीक्षा आपण सहसा घेत नाही. पाणी उकळले की ते निर्धोक झाले, हा असाच एक विश्वास. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले की घरोघरी पातेली चुलीवर चढतात. काचेच्या पिचकाऱ्यांच्या काळात दवाखान्यातील सुयासुद्धा उकळूनच घेत असत. उकळी ही जणू शुद्धतेची शपथच! १८७६ च्या शरद ऋतूत लंडनमधील एका प्रयोगशाळेत या शपथेला तडा गेला. ज्याच्या हातून तो गेला, त्या माणसाची सारी प्रतिष्ठा त्याच शपथेवर उभी होती. त्याचे नाव जॉन टिंडल.

मी इतिहासाचा विद्यार्थी. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध शालान्त परीक्षेबरोबरच संपला. तरीही या अंकासाठी चरित्र लिहायला बसताना राजे, सेनापती आणि मुत्सद्दी बाजूला सारून मी एका पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाकडे वळलो, याला कारण आहे. पुरावा आपल्या बाजूचा असताना त्याला मान देणे सोपे असते. तोच पुरावा उलटला तर काय करावे, हा प्रश्न मात्र इतिहासकारालाही तितकाच पडतो. टिंडलच्या आयुष्यात तो प्रश्न परीक्षानळीच्या रूपाने आला.

टिंडलचा जन्म २ ऑगस्ट १८२० रोजी आयर्लंडमधील कार्लो परगण्यातील लेलिनब्रिज या छोट्या गावी झाला. वडील पोलीस दलात साधे शिपाई. घरात पैसा नव्हता, पण शिक्षणाची चाड होती. गावच्या शाळेत गणिताचा पाया पक्का झाला आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, १८३९ साली, तो सरकारी मोजणी खात्यात नकाशे काढण्याच्या कामावर लागला. पुढे त्याची बदली इंग्लंडमध्ये झाली. तेथे आयरिश कामगारांना मिळणारा तुटपुंजा पगार आणि तुच्छ वागणूक पाहून त्याने तक्रारअर्ज आणि वर्तमानपत्रांतील पत्रे यांचा धडाका लावला. परिणाम व्हायचा तोच झाला. १८४३ साली त्याला कामावरून काढून टाकण्यात आले.

त्या काळात इंग्लंडमध्ये रेल्वेचे वेड शिगेला पोहोचले होते. रुळांसाठी जमीन मोजणाऱ्यांना मागणी होती. टिंडलने काही वर्षे ती धावपळ केली, चार पैसे गाठीला बांधले आणि १८४७ साली हॅम्पशायरमधील क्वीनवुड कॉलेजात शिक्षकाची नोकरी धरली. तेथे एडवर्ड फ्रँकलंड हा तरुण रसायनशास्त्रज्ञ त्याचा सहकारी होता. विज्ञान खऱ्या अर्थाने शिकायचे तर जर्मनीला गेले पाहिजे, असे दोघांनी ठरवले. १८४८ साली साठवलेले पैसे घेऊन टिंडल मारबुर्ग विद्यापीठात दाखल झाला. वय अठ्ठावीस, परकी भाषा आणि खिशात मोजके नाणे! तेथे बुन्सेनसारखा गुरू लाभला. रात्रंदिवस अभ्यास करून त्याने दोन वर्षांच्या आत डॉक्टरेट मिळवली.

मायदेशी परतल्यावर मात्र काही काळ पुन्हा क्वीनवुडच्याच वर्गात उभे राहावे लागले. अखेर ११ फेब्रुवारी १८५३ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याचे व्याख्यान झाले आणि त्या एका संध्याकाळने त्याचे नशीब पालटले. त्याच वर्षी तो तेथे प्राध्यापक झाला. थोर मायकेल फॅरडे याच संस्थेत होता. लोहाराचा मुलगा आणि शिपायाचा मुलगा, दोघांची जोडी चांगलीच जमली. १८६७ साली फॅरडे वारल्यावर संस्थेची धुरा टिंडलकडे आली.

टिंडलची व्याख्याने ऐकायला सरदार-उमराव जसे येत, तसेच कामगारही येत. पण तो नुसता वक्ता नव्हता. हवेतील कोणते वायू उष्णता शोषून घेतात, हे त्याने १८५९ साली काटेकोरपणे मोजले. बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतात, ही आज सर्वांच्या तोंडी असलेली गोष्ट त्याच्या त्या उपकरणाने पक्की केली. अमेरिकेतील युनिस फूट या विदुषीने १८५६ मध्येच उन्हात ठेवलेल्या नळ्यांवर प्रयोग करून या दिशेने बोट दाखवले होते, हेही येथे नोंदवले पाहिजे. सुट्टी मिळाली की टिंडल आल्प्स पर्वतात जाई. १८६१ साली वाइसहॉर्न या शिखरावर पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या तिघांपैकी तो एक होता.

वायूंचे प्रयोग करता करता त्याला एक अडचण जाणवू लागली. नळीतली हवा कितीही गाळली तरी तीत धूळ राही. अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचा झोत सोडला की हे कण चमकू लागत. आपल्याकडे माजघरातील कवडशात तरंगणारे कण प्रत्येकाने लहानपणी पाहिलेले असतात; तोच हा खेळ. धूळ पूर्णपणे गेली की झोतही दिसेनासा होतो, कारण प्रकाश विखुरणारे काही उरतच नाही. विखुरण्याच्या या क्रियेला आजही टिंडलचेच नाव आहे. हवा खरोखर स्वच्छ आहे की नाही, हे ओळखण्याची अचूक कसोटी त्याच्या हाती अशी आपोआप आली. आणि या कसोटीनेच त्याला एका मोठ्या वादात खेचले.

सजीव निर्जीवातून आपोआप निर्माण होतात का, हा तो वाद. मांसाचा रस उघडा ठेवला की दोन दिवसांत त्यात सूक्ष्म जंतूंची बुजबुज होते. हे जंतू येतात कोठून? फ्रान्समध्ये लुई पाश्चरने १८६० च्या सुमारास दाखवून दिले होते की ते हवेतील धुळीबरोबर येतात. पण इंग्लंडमध्ये हेन्री चार्ल्टन बास्टियन हा नाणावलेला वैद्य ठामपणे म्हणत होता की उकळून बंद केलेल्या द्रवातही आपल्याला जीव आढळतात. उकळीने सारे मरते. मग त्यानंतर दिसणारा जीव नव्यानेच जन्मलेला असला पाहिजे! तर्क वरवर पाहता बिनतोड होता. हा वाद नुसता पंडितांचा नव्हता. जखम चिघळते ती बाहेरून आलेल्या जंतूंमुळे की शरीरात आपोआप उपजलेल्या जंतूंमुळे, यावर शस्त्रक्रियेच्या टेबलावरील माणसाचे जगणे-मरणे अवलंबून होते. जोसेफ लिस्टरची जंतुनाशक पद्धती याच वादात अडकलेली होती.

टिंडलच्या बाबतीत यात आणखी एक पेच होता. १८७४ साली बेलफास्ट येथे ब्रिटिश असोसिएशनचा अध्यक्ष म्हणून केलेल्या भाषणात त्याने जीवसृष्टीची बीजे जड द्रव्यातच शोधली पाहिजेत, असे उघडपणे मांडले होते. धर्मगुरूंनी त्याच्यावर नास्तिकतेचा शिक्का मारला. म्हणजे निर्जीवातून जीव उपजतो असे प्रयोगाने सिद्ध झाले असते, तर त्याच्या तत्त्वज्ञानाला आधारच मिळाला असता. तरीही तो या वादात दुसऱ्या बाजूला उभा राहिला, कारण प्रयोग तसे सांगत होते. आपल्या मताला सोयीचा असलेला निष्कर्ष पुराव्याअभावी नाकारणे किती अवघड असते, हे निबंध लिहिणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे.

त्याने लाकडाच्या पेट्या बनवल्या. पुढे काच, दोन्ही बाजूंना झोतासाठी खिडक्या आणि आतून ग्लिसरीनचा लेप. पेटी काही दिवस हलवायची नाही. धूळ खाली बसून ग्लिसरीनला चिकटे आणि झोत आतमध्ये अदृश्य होई. मग पेटीच्या तळातून बसवलेल्या नळ्यांमध्ये मटण, मासे, सलगम, गवत अशा नाना पदार्थांचे अर्क ओतायचे आणि पाच मिनिटे उकळायचे. अर्क महिनोन्महिने नितळ राहिले. बाहेरच्या साध्या हवेत ठेवलेले तेच अर्क मात्र थोड्याच दिवसांत नासले. १८७६ च्या जानेवारीत त्याने हे निष्कर्ष रॉयल सोसायटीपुढे ठेवले. त्याच वर्षी २९ फेब्रुवारीला, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, लुइझा हॅमिल्टन या सरदार घराण्यातील कन्येशी वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचा विवाह झाला. तिच्यामाझ्या वयात पंचवीस वर्षांचे अंतर आहे, याची त्याला जाणीव असणारच. पण संसार सुखाचा झाला आणि त्याच्या लेखनकामात तिचा मोठा हातभार लागला. शिपायाच्या मुलाला आता काय कमी होते?

आणि शरद ऋतूत सारे उलटले. त्याने पुन्हा प्रयोग सुरू केले, या खेपेस वाळलेल्या गवताच्या अर्कापासून. त्याच पेट्या होत्या, तोच झोत होता आणि उकळीही तीच पाच मिनिटांची होती. पण अर्क नासू लागले. वेळ वाढवली, तरी नासले. पुढे तर काकडी, मासे, मांस असे पूर्वी निमूटपणे नितळ राहणारे अर्कही एकामागून एक गढूळ झाले. काही अर्क तासन्‌तास उकळूनही वाचेनात. बास्टियन म्हणत होता तेच टिंडलच्या स्वतःच्या नळ्या सांगू लागल्या. जगाला दिलेली ग्वाही वर्षही न उलटता त्याच्याच तळघरात खोटी ठरत होती.

अशा वेळी माणसे काय करतात, याचे दाखले इतिहासात हवे तितके सापडतात. कोणी फसलेले प्रयोग वहीतून वगळतो, तर कोणी सहायकाच्या माथी खापर फोडतो. टिंडलने प्रत्येक फसलेली नळी नोंदवली आणि त्या सविस्तर नोंदी १८७७ च्या आपल्या प्रबंधात छापल्या. बास्टियनचा तर्क मात्र त्याने मान्य केला नाही. त्या तर्कातील मूळ वाक्याकडेच तो वळला. उकळीने सारे मरते, हे कशावरून?

पहिला संशय जागेवर होता. प्रयोगशाळेत जुन्या वाळलेल्या गवताचा भारा आणला होता. त्याची धूळ साऱ्या खोलीत पसरली असणार. ही शंका तपासण्यासाठी १८७७ च्या आरंभी त्याने प्रयोग लंडनबाहेर, क्यू येथील वनस्पती उद्यानात नुकत्याच बांधलेल्या जॉड्रेल प्रयोगशाळेत हलवले. तेथे गवत कधी आलेच नव्हते. तेच अर्क त्याच पाच मिनिटांच्या उकळीने तेथे पुन्हा नितळ राहिले! द्रवात जीव निर्माण करण्याची शक्ती असती, तर ती गाव बदलल्याने नाहीशी झाली नसती. दोष द्रवाचा नव्हता, तर गवताबरोबर आलेल्या कोणत्या तरी चिवट पाहुण्याचा होता.

हा पाहुणा उकळीत जगतो कसा? टिंडलने त्यासाठी सुक्या बीजाचा विचार केला. आपल्या स्वयंपाकघरातील उदाहरण घ्यायचे तर रात्रभर भिजवलेला वाटाणा लवकर शिजतो, कोरडा मात्र तासभर उकळूनही टणक राहतो. वाळून कोळ झालेल्या गवतावरील जंतूंची बीजेही तशीच कोरडी आणि कठीण असणार. कोमट, पोषक द्रवात ती हळूहळू मऊ होतील, रुजतील, आणि रुजली की त्यांचा चिवटपणा संपेल. मग एकदाच खूप वेळ उकळण्यात काय हशील? त्याने अर्क केवळ मिनिटभर उकळला आणि बाजूला ठेवला. काही तासांनी, मऊ झालेल्या बीजांतून जंतू निघाले पण त्यांची वाढ होऊन द्रव गढूळ होण्याआधी, पुन्हा मिनिटभर उकळला. मागे राहिलेल्यांसाठी तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच. तासन्‌तासांच्या सलग उकळीला जे जमले नाही, ते या तुटक उकळ्यांनी साधले. अर्क नितळ राहिला. ही पद्धत पुढे टिंडलच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

त्याच सुमारास ब्रेस्लाऊ येथे फर्डिनांड कोन हा शास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकातून गवतावरील जंतूंकडे पाहत होता. १८७६ साली त्याने दाखवले की हे जंतू प्रतिकूल काळात आपल्या देहातच एक चमकदार, जाड कवचाचा बीजाणू तयार करतात आणि हे बीजाणू उकळीलाही दाद देत नाहीत. टिंडलने तर्काने ओळखलेला पाहुणा कोनने डोळ्यांनी पाहिला. एकाने दार शोधले, दुसऱ्याने घर!

१८७७ च्या उन्हाळ्यात टिंडलने नेहमीप्रमाणे आल्प्स गाठला, तोही मोहरबंद चंबू बरोबर घेऊन. लंडनला उकळून बंद केलेले साठ चंबू त्याने नेले होते; काही वाटेत फुटले. उरलेल्यांपैकी तेवीस चंबूंची टोके त्याने गवत साठवण्याच्या माळ्यावर मोडली. सत्तावीस चंबू घेऊन तो हिमनदीवर झुकलेल्या कड्याच्या टोकावर गेला आणि बर्फावरून येणाऱ्या वाऱ्याकडे तोंड करून ते उघडले. मग सारे एकत्र उबेला ठेवले. माळ्यावरील तेविसांपैकी एकवीस चंबू तीन दिवसांत जंतूंनी भरून गेले. कड्यावरील सत्तावीसच्या सत्तावीस नितळ राहिले. वाद प्रत्यक्षात येथेच संपला.

आज, जवळजवळ दीडशे वर्षांनी, त्या पाहुण्याची बरीच माहिती हाती आली आहे. बीजाणूच्या गाभ्यात पाणी फार कमी असते आणि कॅल्शियमयुक्त विशिष्ट आम्लामुळे त्यातील आनुवंशिक द्रव्य उष्णतेपासून सुरक्षित राहते. म्हणून शस्त्रक्रियेची साधने नुसती उकळून भागत नाही. दाबाखालच्या वाफेत, १२१ अंश सेल्सिअसला, सुमारे १५ मिनिटे ठेवावी लागतात. पाश्चरचा सहकारी शांबरलँड याने १८७९ मध्ये बनवलेले यंत्र आणि आपल्या घरातला प्रेशर कुकर हे एकाच तत्त्वाचे. शिळा भात उबदार हवेत तसाच राहिला की बाधतो, त्यामागेही शिजताना न मेलेले बीजाणूच असतात. सकाळी तापवलेले दूध आपल्या आया-आज्या संध्याकाळी पुन्हा तापवतात. दुधात बाहेरूनही जंतू पडत असल्यामुळे ती काही टिंडलची काटेकोर पद्धत नव्हे, पण तुटक उकळीचे शहाणपण त्यातही आहेच. या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. ज्या द्रवात बीजाणू रुजतच नाहीत, अशा साध्या पाण्यात ती चालत नाही. झोपलेला जागा झाला तरच तो मारता येतो.

टिंडलचे जंतू उष्णता फक्त सोसतात, झोपून. काही जीवांना मात्र उष्णता सोसावी लागत नाही, हवीच असते. अमेरिकेतील यलोस्टोन येथील उन्हाळ्यांत टॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांना सुमारे ७० अंशांना सुखाने वाढणारा जीवाणू सापडला आणि १९६९ साली त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्यापासून मिळालेले उष्णतेत न बिघडणारे विकर पुढे जनुकांच्या प्रती काढण्यासाठी वापरात आले, आणि २०२० च्या कोरोना साथीत जी चाचणी घरोघरी ठाऊक झाली, तीही त्याच तंत्रावर आधारलेली होती. २००८ साली जपानी शास्त्रज्ञांनी समुद्रतळावरील एक सूक्ष्मजीव प्रचंड दाबाखाली १२२ अंशांनाही वाढतो असे दाखवले. म्हणजे ज्या तापमानाला आपण साधने निर्जंतुक करतो, त्याहून एक अंश अधिक! गणेशपुरी किंवा उन्हवरे येथील गरम पाण्याच्या कुंडांना आपण देवस्थान म्हणून हात जोडतो. ते पाणीही निर्जीव नसते, हे आता माहीत झाले आहे. उकळीने सारे मरते का, या टिंडलच्या प्रश्नाचे उत्तर असे अजूनही लांबतच चालले आहे.

टिंडलची अखेरची वर्षे आजारपणाची होती. निद्रानाशाने तो आयुष्यभर गांजलेला. १८८७ साली त्याने रॉयल इन्स्टिट्यूशनमधून निवृत्ती घेतली आणि सरेमधील हाइंडहेड येथील घरात तो राहू लागला. सकाळी मॅग्नेशिया आणि रात्री झोपेसाठी क्लोरल, अशी दोन औषधे चालू होती. ४ डिसेंबर १८९३ च्या सकाळी लुइझाच्या हातून बाटल्यांची अदलाबदल झाली आणि मॅग्नेशियाऐवजी क्लोरलचा मोठा डोस त्याच्या पोटात गेला. काय घडले ते दोघांनाही लगेच उमगले. उपचार झाले, पण त्याच दिवशी त्याचे प्राण गेले. हॅझलमिअरच्या दफनभूमीत त्याला पुरले.

लुइझा त्यानंतर सेहेचाळीस वर्षे जगली. पतीचे सर्वांगपूर्ण चरित्र सिद्ध करायचे, या एकाच ध्यासाने ती कागद, पत्रे आणि आठवणी गोळा करीत राहिली. ग्रंथ तिच्या हातून पुरा झाला नाही. १९४० साली ती गेली आणि चरित्र १९४५ मध्ये, दुसऱ्यांच्या हातून, बाहेर आले. तोवर टिंडलचे नाव पुष्कळसे मागे पडले होते.

चरित्रलेखक बहुधा नायकाच्या विजयाची तारीख शोधतो. टिंडलच्या चरित्रात मला अशी तारीख जानेवारी १८७६ वाटत नाही. त्या दिवशी त्याचे सारे प्रयोग यशस्वी होते आणि सभागृह त्याच्या बाजूचे होते. मला महत्त्वाचे वाटतात ते त्यानंतरच्या हिवाळ्यातील महिने. गढूळलेल्या नळ्यांच्या रांगेपुढे तो रोज बसत होता आणि एकही नळी फेकून न देता प्रत्येकीपुढे आकडा लिहीत होता. आपण कला शाखेचे विद्यार्थी परीक्षानळ्या हाताळत नाही. पण नकोसा वाटणारा कागद दप्तरात सापडतो, न जुळणारी तारीख समोर येते, आपल्या लाडक्या सिद्धान्ताला न मानणारा एखादा शिलालेख निघतो. तेव्हा तो बाजूला सारायचा की त्याच्यापुढे आकडा लिहायचा, हे आपल्यालाही ठरवावेच लागते.